पुण्यात बाहेर जेवायचंय? आधी घड्याळ बघा, मग पत्ता

पुण्यात दोन-चार दिवसांसाठी येणारे पाहुणे बहुतेक वेळा नावांची यादी घेऊनच येतात. बेडेकरांची मिसळ, वैशालीचा डोसा, सुजाताची मस्तानी, कयानीची बिस्किटं. यादीत चूक काहीच नसते, पण ती वाटेल त्या क्रमाने फिरायला घेतली की निम्मी हातची जाते. मिसळ दुपारी संपलेली असते, बेकरी दुपारची बंद असते, थाळीवाल्यांनी साडेतीनला पंगत उठवून फरशी पुसायला घेतलेली असते. मग दमलेली मंडळी जवळ दिसेल तिथं पनीरची भाजी आणि रोटी मागवतात आणि पुण्यात खास काही मिळत नाही असं म्हणत परत जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या शहरात प्रत्येक खाण्याची वेळ ठरलेली आहे. ती सांभाळली तर नावाजलेली दोन ठिकाणं हुकली तरी पोट आणि मन दोन्ही भरतं. म्हणून बेत आखताना आधी वेळ, मग भाग आणि सगळ्यात शेवटी हॉटेलचं नाव.

आधी दिवसाचे भाग पाडून घ्या

सकाळी सात ते अकरा हा पुण्याचा सगळ्यात चांगला खाण्याचा वेळ. मिसळ, इडली-वडा, बन मस्का, साबुदाणा खिचडी, पॅटिस सगळं तेव्हा ताजं असतं. साडेअकरा ते अडीच जेवणाची वेळ. तीन ते सात हा पोकळ काळ. नवखा माणूस नेमका तेव्हाच उपाशी सापडतो, कारण सकाळी उठून फिरण्याच्या नादात नाश्ता टाळलेला असतो आणि जेवायला उशीर झालेला असतो. संध्याकाळी सातनंतर पुन्हा थाळी, मटण, बिर्याणी. पेठांमधली जुनी ठिकाणं साडेदहाच्या आसपास आवरायला घेतात. त्यानंतर भूक लागली तर कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर अशा भागांकडे वळावं लागतं.

दुपारच्या विश्रांतीबद्दल थोडं. एक ते चार दुकान बंद ठेवण्याची जुनी पद्धत आता बरीच सैल झाली आहे. बाकरवडीसाठी नावाजलेल्या चितळे बंधूंनीही २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. पण सगळ्यांनी तसं केलेलं नाही. लांबून खास एखाद्या ठिकाणी जाणार असाल तर निघण्यापूर्वी त्यांची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी नकाशावर बघा, शक्य असेल तर फोन करा. दिवाळीत तर हे कराच. जुन्या हॉटेलांतले कामगार गावी जातात आणि काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस कुलूप असतं.

एका दिवशी एकच भाग

पेठा, डेक्कन, कॅम्प आणि नवं पुणं (कोरेगाव पार्क, बाणेर वगैरे) असे ढोबळ चार भाग धरा. सकाळी कॅम्प, दुपारी बाणेर, संध्याकाळी सदाशिव पेठ असा बेत केलात तर दिवस वाहतुकीत जाईल.

पेठांमध्ये स्वतःची गाडी नेऊ नका. रस्ते अरुंद आहेत, लक्ष्मी रस्ता एकेरी आहे आणि गाडी लावायला जागा शोधण्यात भूक मरते. मेट्रोची कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही भुयारी स्थानकं २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाल्यापासून हे काम फार सोपं झालंय. मंडईला उतरलात की तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, बुधवार पेठ सगळं पायी. वनाझ-रामवाडी मार्गावरून येत असाल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला. डेक्कनसाठी डेक्कन जिमखाना स्थानक आहे, तिथून गुडलक चौक चालत गाठता येतो. कॅम्पच्या आत मात्र मेट्रो जात नाही. पुणे रेल्वे स्थानकाला उतरून रिक्षा करा आणि बसण्याआधी मीटर टाकायला सांगा.

नाश्ता

मिसळीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त अपेक्षाभंग तिथेच होतो. कोल्हापूर किंवा नाशिककडची मिसळ डोक्यात ठेवून आलात तर नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेडेकरांची मिसळ फिकी वाटेल. ती मुळात वेगळ्या जातीची आहे. रस्सा किंचित गोडसर, पोटात पोहे-बटाटा आणि सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनची चव आणखी निराळी. झणझणीतच हवी असेल तर कर्वे रस्त्याच्या बाजूला काटाकिर्र आहे. तिथे तिखटाच्या पायऱ्या आहेत, पहिल्यांदा जाणाऱ्याने मधली घ्यावी.

मागवताना एक लक्षात ठेवा. वरून लागणाऱ्या रश्श्याला पुण्यात ‘सॅम्पल’ म्हणतात. तो सगळा एकदम ओतू नका. आधी थोडा घालून वरचं फरसाण कुरकुरीत असतानाच चार घास खा, मग लागेल तसा वाढवत जा. लिंबू पिळायचं ते शेवटच्या रश्श्यावर. आणि नऊच्या आत पोचा. रविवारी दहा वाजता रांग बोळाच्या तोंडापर्यंत आलेली असते. मागचा माणूस उभा असताना खाऊन झाल्यावर गप्पा मारत टेबल अडवून ठेवणं इथं कोणालाच रुचत नाही.

फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली, रूपाली आणि वाडेश्वर आहेत. वैशाली सकाळी सातच्या सुमारास उघडते. लवकर गेलात तर लगेच बसायला मिळतं. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर नाव लिहून द्यायचं आणि हाक येईपर्यंत थांबायचं. दोघंच असाल तर दुसऱ्यांच्या टेबलावर बसायची तयारी ठेवा, नंबर लवकर लागतो. डोसा, इडली, फिल्टर कॉफी चांगलीच असते, पण चारजण असाल तर एक एसपीडीपी मधे घ्या. शेव, बटाटा, दही आणि पुरी. तिखट-आंबट-गोड आणि गार, सगळं एका घासात येतं.

गुडलक चौकातलं गुडलक १९३५ पासूनचं इराणी हॉटेल. बन मस्का, ऑम्लेट, खिमा आणि दाट चहा. पहिल्यांदा जाणाऱ्याने बन मस्का चहात बुडवूनच खावा. पार्सल करून नेला तर त्यात काही राम राहत नाही. आपटे रस्त्यावर संतोष बेकरीत पॅटिस ताजं निघतं तेव्हा रांग लागते. रांग बघून मागे फिरू नका, ती भराभर सरकते.

थाळी: इथे घाई नको

पुण्याला एकच जेवण देता येत असेल तर ते दुपारचं मराठी ताट असावं, असं माझं ठाम मत आहे. आपटे रस्त्यावर श्रेयस, टिळक रस्त्याच्या बाजूला दुर्वांकुर, लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस. पूना गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलं आणि नाटक-सिनेमाच्या माणसांचा राबता तिथे कायम राहिला. गुजराती-राजस्थानी पद्धतीची हवी असेल तर डेक्कनला सुकांता. आणि भपका नको, रोजचं पोळी-भाजी-आमटीचं जेवण हवं असेल तर टिळक रस्त्यावरचं बादशाही.

ताट कसं वाढलं जातं ते नीट बघा. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीच्या वाट्या. पोळी येते, मग मागोमाग वाढपी फिरायला लागतात आणि पहिली वाटी संपायच्या आत दुसऱ्यांदा डाव पुढे येतो. इथंच नवे लोक फसतात. पहिल्या पाच मिनिटांत पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीवर पोट भरतं आणि मसालेभात येतो तेव्हा जागा उरत नाही. त्यामुळे पहिल्या फेरीत सगळं चमचाभरच घ्या. काय जमलंय ते चाखून ठरवा आणि दुसऱ्यांदा तेवढंच मागा. नको असेल तेव्हा ताटावर हात आडवा धरा आणि “आता पुरे, दादा” म्हणा. नुसती मान हलवली तर वाढलं जाईल. वयस्कर वाढप्यांना ‘काका’ म्हणावं. नावापुढे काही न लावता “ओ, इकडे” अशी हाक मारली तर काम होतं, पण आपुलकी मिळत नाही.

अळूची भाजी असेल तर ती सोडू नका. पळीवाढी, आंबटगोड, मधे शिजलेले शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ. गरम वाफाळत्या भातावर ती घेतली की दुसरं काही लागत नाही. लहानपणी तिच्यापासून पळालेली माणसंही मोठेपणी तिच्या वाटीसाठी हात पुढे करतात. मसालेभातावर तूप आणि ओलं खोबरं, जिलबीबरोबर मठ्ठा, शेवटी साधा दहीभात किंवा ताकभात. आंब्याच्या दिवसांत आमरस असतो. तो ताटाच्या किमतीत आहे की वेगळा, आणि कितीदा मिळतो, हे बसण्याआधी विचारा.

मधुमेह असेल तर पुण्याची आमटी जपून. तीत गूळ असतो, भाज्यांमध्येही बऱ्याचदा असतो. साधं वरण मागा, बहुतेक ठिकाणी मिळतं. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही आधीच सांगा. एकादशी-चतुर्थीला उपासाचे पदार्थ जवळजवळ सगळीकडे असतात.

अमर्याद थाळी दोघांत एक घेता येत नाही, त्याबद्दल वाद घालू नका. लहान मुलांसाठी काय सोय आहे ते मात्र विचारा. आणि ताटात टाकू नका. घेतलेलं संपवणं ही इथली साधी रीत आहे.

आईवडील सोबत असतील तर साडेअकरालाच पोचा. रांगेत उभं राहावं लागत नाही आणि वाढप्यांनाही उसंत असते.

मटणाचे वार

मांसाहारासाठी वार बघावा लागतो. बुधवार, शुक्रवार, रविवार ही गर्दीची जेवणं. सोमवार, गुरुवार, शनिवारी अनेक घरांत वर्ज्य असल्यामुळे त्या दिवशी खानावळीत शांतपणे बसता येतं. आषाढात, त्यातही दीप अमावास्येच्या आधीच्या रविवारी, चांगल्या खानावळीबाहेर तासभर उभं राहायची तयारी हवी. श्रावण लागला की तीच जागा ओस.

सदाशिव पेठ शाकाहारीच असेल असं समजून लोक तिथे मटण शोधतच नाहीत. आवारेंची खानावळ त्याच पेठेत आहे आणि एस.पी. कॉलेजच्या परिसरात टिळक रस्त्यावर बिर्याणीसाठी दुपारी रांगा लागतात. मटणथाळीत सुकं, रस्सा, अळणी (मटणाचं बिनतिखट पातळ पाणी), भाकरी आणि भात असतो. अळणी आधी प्या, गरम असतानाच. भाकरी ज्वारीची की बाजरीची ते विचारून घ्या आणि एका वेळी एकच मागवा, गार झालेल्या भाकरीत मजा नाही. तिखट झेपत नसेल तर “तिखट कमी करा” म्हणून उपयोग नसतो, रस्सा सकाळीच झालेला असतो. त्यापेक्षा अळणी जास्त मागा आणि रश्श्यात मिसळून घ्या.

तीन ते सात

या पोकळ वेळेत अमृततुल्य गाठा. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी शंभरेक वर्षांपूर्वी ही चहाची दुकानं पुण्यात सुरू केली. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य त्यांतलं जुनं. जुन्या दुकानात मालक स्वतः उंचावर चुलीशी बसलेला दिसतो. पुढ्यात पितळी पातेलं, बाजूला खलबत्ता. वेलची आणि आलं तिथल्या तिथे कुटून उकळत्या दुधात पडतं. ओगराळ्याने चहा वर उचलून पुन्हा खाली सोडत राहायचं, मग फडक्यातून गाळून छोट्या कपात. कप लहान, चहा गोड आणि दाट. साखर कमी हवी असेल तर तयार पातेल्यातून ते जमत नाही. मोठा कप मागण्यापेक्षा दहा मिनिटांनी दुसरा घ्या. सोबत क्रीम रोल किंवा खारी.

पावसाळ्यात केळकर रस्त्यावरच्या प्रभा विश्रांतिगृहाचा वडा आणि मग हा चहा, इतकं केलं तरी दुपार सार्थकी लागते. उन्हाळ्यात त्या जागी मस्तानी. दाट मिल्कशेक, वर आइस्क्रीमचा गोळा. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता आहे, कावरेंकडेही मिळते. आंब्याची घ्या आणि दोघांत एक पुरे. जेवणानंतर लगेच मस्तानी घेऊ नका, ती स्वतःच एक जेवण आहे. संध्याकाळ झाली की सारसबागेजवळ भेळ.

कॅम्प

कॅम्पसाठी अर्धा दिवस वेगळा काढा, रविवार सोडून. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. रविवारी ती बंद असते आणि इतर दिवशीही दुपारी विश्रांती घेते. श्रूजबेरी बिस्किटं आणि मावा केक. सुटे पैसे जवळ ठेवा. दोराबजी अँड सन्स तर १८७८ पासून आहे. बिर्याणी आणि धनसाक (डाळीत शिजवलेलं पारशी मटण) दुपारच्या जेवणालाच घ्यावं. महात्मा गांधी रस्त्यावर मार्झोरिनमध्ये सँडविच आणि रोल हलके आणि स्वस्त, मुलांना हमखास आवडतात. इराणी पद्धतीचा चेलो कबाब, म्हणजे लोण्याच्या भातावर कबाब, चाखायचा असेल तर ब्लू नाइल.

कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडीबद्दल फार लिहीत नाही. जपानी, इटालियन, कोरियन सगळं तिथे आहे आणि चांगलंही आहे, पण ते मुंबई-बंगळुरूतही मिळतं. शुक्रवार-शनिवारी रात्री आधी टेबल राखून ठेवा, एवढंच.

पाणी आणि स्वच्छता

हा भाग वरवर वाचू नका. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गिलियन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे बरेच रुग्ण आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हापासून मी पाहुण्यांना सांगते, बसल्या बसल्या “पाणी फिल्टरचं आहे ना, काका?” असं सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही. शंका वाटली तर बाटली घ्या. रस्त्यावर गरम तव्यावरून थेट हातात येतं ते खा. चिरून ठेवलेली फळं, उघडी चटणी आणि बर्फ घातलेला रस पावसाळ्यात टाळा. पाणीपुरीचा मोह आवरत नसेल तर जिथे गिऱ्हाईक सतत आहे तिथेच, कारण तिथे पाणी शिळं राहत नाही.

बिल वाचून द्या

रेस्टॉरंटच्या जेवणावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. महागड्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो. छोटा व्यवसाय कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या सोप्या योजनेत असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. सेवाशुल्क ही वेगळी गोष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, की ते आपोआप बिलात जोडता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. बिलात दिसलंच तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. सेवा आवडली असेल तर बक्षिशी वाढप्याच्या हातात द्या, ती त्यालाच मिळते. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांकही, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांकही असायला हवा, त्याच्याकडे एकदा नजर टाकायची सवय लावा.

सिंहगड

एक सकाळ मोकळी असेल तर सिंहगडावर पिठलं-भाकरी खा. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून आडवार निवडा किंवा पहाटेच निघा. पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे, तिथून चढून गेलात तर भूकही चांगली लागते. “मावशी, पिठलं जरा घट्टसर ठेवा” असं आधी सांगा. सोबत ठेचा, वांग्याचं भरीत, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. दही शेवटी घ्या, ठेच्यानंतर ते फार बरं वाटतं. उतरताना खडकवासल्याला भाजलेलं कणीस.

बांधून नेताना

बाकरवडी प्रवासाला उत्तम. निघायच्या दिवशी नको, आदल्या दिवशीच घ्या, कारण स्टेशनला जायच्या घाईत रांग झेपत नाही. परत जायचा दिवस सोमवार असेल तर कयानीची खरेदी शनिवारीच उरका. श्रूजबेरी ठिसूळ असतात, बॅगेत सगळ्यात वर ठेवा. मावा केक दोन दिवसांत संपवा.